कान शिवून घ्यायचाय? आधी छातीतल्या यंत्राचे सांगा

दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले, की बारामती-इंदापूर भागात लग्नाची बोलणी सुरू होतात. याच सुमारास आमच्या दवाखान्यात एक ठराविक तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांची संख्याही वाढते. तक्रार कानाची असते, पण ऐकू येत नाही अशी नव्हे. वर्षानुवर्षे जड कुड्या आणि झुबे घालून कानाचे भोक ओघळलेले असते. कधी ते लांबत लांबत पाळीच्या टोकापर्यंत येते आणि पाळी दुभंगते. घरात लग्न निघते, डब्यातले सोने बाहेर येते आणि ते घालायला कान धड नसतो, असा हा पेच.

काही वर्षांपूर्वी अशाच एक आजी सुनेला घेऊन आल्या. इंदापूर तालुक्यातल्या, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावच्या. वय पासष्टच्या पुढे. दोन्ही कान तुटलेले. शिवाय डाव्या डोळ्याची वरची पापणी सैल होऊन डोळ्यावर उतरलेली.

"नातीचं लगीन हाय वैशाखात," आजी म्हणाल्या. "माझ्या आईच्या कुड्या हायत. त्या घालून मांडवात बसायचंय. कान शिवणारा कुणी चांगला डॉक्टर सांगा. जमलं तर पापणीचंबी बघा. पोरगं म्हनतं, या वयात कान शिवून काय करतीस? म्हनून त्याला न सांगता आलेय."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर? नाही. रक्तदाब? "गोळी चालू हाय." आधी काही ऑपरेशन? "न्हाय." मग छाती तपासायला गेलो तर डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढा उंचवटा हाताला लागला. आजींनी पदर ओढून घेतला. सून म्हणाली, "अवो, त्यास्नी मशीन बसवलंय की. नऊ वर्सं झाली. पुण्याला बसवलं, सरकारी योजनेतनं."

म्हणजे पेसमेकर. मी विचारले, "आजी, मग सांगितलं का नाही?"

आजींचे उत्तर सरळ होते. "कान दाखवायला आले, छातीचं कशाला सांगू?"

आजचा लेख लिहायला बसलो आहे तो या एका उत्तरामुळे. कारण असे वाटणाऱ्या आजी एकट्या नाहीत. शिकलेली, नोकरी करणारी माणसेही असेच म्हणतात. कान वेगळा, छाती वेगळी. चेहऱ्याचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा. पण शरीर एकच आहे आणि त्यातून फिरणारे रक्त, त्यातून जाणारी वीजही एकच.

हा नखरा नव्हे

आधी त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देतो. या वयात कान शिवून काय करायचे? वाचकहो, हा प्रश्न आपल्या घरांत फार सहज विचारला जातो. गुडघ्याचे ऑपरेशन म्हटले की घर पाठीशी उभे राहते; कान, नाक, पापणी किंवा चेहऱ्यावरचा व्रण म्हटले की हसू होते. मग बाई गुपचूप जाते. जिथे गुपचूप जाते, तिथे आपल्या शरीरातले यंत्रही गुपचूपच ठेवते. धोक्याची सुरुवात इथून होते.

तुटलेला कान जोडणे ही आजकालची फॅशन नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्यावर आणि तुटलेली पाळी जोडण्यावरच आहे. जोडण्याचे पंधरा प्रकार त्यात सांगितले आहेत. आणि नाकाची गोष्ट तर आपल्या पुण्याजवळचीच. कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकत होता. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकावर बसवून पाहायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्या मापाने कातडी सोडवायची, अशी ती रीत. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून कार्पू नावाच्या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

कावसजीला नाक हवे होते ते चार माणसांत तोंड वर करून वावरता यावे म्हणून. आजींना कान हवे होते तेही मांडवात बसता यावे म्हणून. यात लाजण्यासारखे काही नाही. फरक इतकाच की कावसजीच्या छातीत यंत्र नव्हते, रक्तवाहिनीत जाळी नव्हती आणि गुडघ्यात धातू नव्हता. आज आपल्या प्रत्येक गावात असे काही ना काही आत बसवलेली माणसे आहेत. त्यांनी चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घेऊ नये का? बहुतेकांनी खुशाल करून घ्यावी. पण कोणत्या तयारीने, ते समजून घेतले पाहिजे.

पेसमेकर आणि वीज

हृदयाचे ठोके आतल्या आत तयार होणाऱ्या अगदी सूक्ष्म विजेवर पडतात. ही वीज मंदावली किंवा मधेच अडू लागली, की ठोके कमी होतात, चक्कर येते, माणूस कोसळतो. अशा वेळी पेसमेकर बाहेरून ठोका देतो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला गेला. ते पहिले यंत्र काही तासच चालले. पण लार्सन २००१ सालापर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. त्या काळात त्यांना एकूण २६ यंत्रे लागली. आजची यंत्रे अनेक वर्षे चालतात, पण बॅटरी संपते आणि यंत्र बदलावे लागते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही खरी आहे.

पेसमेकर सतत ठोका देत बसत नाही. तो हृदयावर कान लावून असतो. हृदयाने स्वतः ठोका दिला तर गप्प बसतो, नाही दिला तर आपण देतो. गोम इथेच आहे. शस्त्रक्रियेत बारीक रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी डॉक्टर विजेची सुई वापरतात. तिला कॉटरी म्हणतात. साध्या प्रकारच्या कॉटरीत वीज सुईच्या टोकातून शरीरात शिरते आणि मांडीला किंवा पाठीला चिकटवलेल्या पट्टीतून बाहेर पडते, म्हणजे मधल्या सगळ्या अंगातून जाते. ही वीज पेसमेकरला हृदयाच्या ठोक्यासारखी भासू शकते. 'हृदय चाललेच आहे' असे समजून तो गप्प बसतो. ज्याचे हृदय पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे, त्याचे ठोके तेवढा वेळ थांबतात.

काही रुग्णांना याहून मोठे, शॉक देणारे यंत्र बसवलेले असते. हृदयाची धडधड जीवघेणी झाली तर ते आतून विजेचा झटका देते. कॉटरीची वीज त्याला तशी धडधड वाटली, तर कारण नसताना झटका बसू शकतो. शस्त्रक्रिया पोटाच्या वरच्या भागात, म्हणजे छाती, मान आणि चेहऱ्यावर असेल, तर ही शक्यता वाढते, कारण वीज यंत्राच्या जवळून जाते.

हे वाचून घाबरू नका. आजच्या यंत्रांना बाहेरच्या विजेपासून बरेच संरक्षण असते आणि धोका टाळायचे उपाय साधे आहेत. दुसऱ्या प्रकारची कॉटरी चिमट्यासारखी असते. तिची वीज चिमट्याच्या एका टोकातून दुसऱ्या टोकात जाते, अंगभर फिरत नाही. चेहऱ्याच्या कामाला बहुधा हीच पुरते. साधी कॉटरी वापरावीच लागली तर ती थोड्या थोड्या क्षणांसाठी वापरतात आणि पट्टी अशा जागी लावतात की विजेची वाट यंत्रावरून जाणार नाही. गरज असेल तर शस्त्रक्रियेपुरती यंत्राची मांडणी बदलून ठेवतात, किंवा त्यावर एक खास चुंबक ठेवतात. पेसमेकरवर चुंबक ठेवला की तो बहुधा ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो; शॉकच्या यंत्रावर ठेवला की शॉक देणे तेवढ्यापुरते थांबते. दोन्ही यंत्रे चुंबकाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, म्हणून आपले यंत्र नेमके कोणते, हे माहीत असणे महत्त्वाचे. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर शॉकची सोय पुन्हा चालू केली आहे ना, हे घरी निघण्यापूर्वी विचारलेच पाहिजे.

अट एकच. ही सगळी तयारी आधी करायची असते आणि आधी करायला आधी माहीत असावे लागते.

चामखीळ जाळणाऱ्याचे दुकान

आजींना मी आणखी एक प्रश्न विचारला. यंत्र बसवल्यापासून कुठे वीज लावून घेतली का? थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "दोन वर्सांमागं गालावरची चामखीळ जाळून घेतली बाजारच्या गावी. तवा डोळ्यांपुढं अंधारी आली हुती. उपाशी हुते, म्हनून आली आसंल."

ती अंधारी उपासाची की यंत्राची, हे आता कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण अशा दुकानात ना नाडी पाहणारा कोणी असतो, ना ठोके थांबले तर काय करायचे हे जाणणारा. 'मस, चामखीळ, तीळ मशीनने काढून मिळतील' अशा पाट्या आता लहान गावांतही दिसतात. काही ठिकाणी चेहऱ्याची कातडी घट्ट करण्याचीही विजेची यंत्रे असतात. ज्यांच्या छातीत यंत्र आहे, त्यांनी या पाटीखालून आत जाऊच नये. चामखीळ विजेशिवायही काढता येते, ती त्वचारोगतज्ज्ञाकडे काढून घ्यावी.

रक्तवाहिनीतली जाळी

पेसमेकरपेक्षा स्टेंटचे रुग्ण आपल्याकडे कितीतरी जास्त. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, सरकारी योजनांतूनही अँजिओप्लास्टी होऊ लागली आणि गावोगावी असे रुग्ण दिसू लागले. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. तिला कॉटरीच्या विजेचे भय नाही. तिथला प्रश्न रक्ताचा आहे.

जाळी नवी असताना तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या देतात. या गोळ्या चालू असताना चेहऱ्यावर शस्त्रक्रिया केली तर रक्तस्राव जास्त होतो, काळेनिळे डाग पडतात. मग कोणीतरी सुचवते, "आठ दिवस गोळ्या बंद ठेवा की." कधी शेजारी सुचवतो, कधी शस्त्रक्रिया करणारा. वाचकहो, हा सल्ला जिवावर बेतू शकतो. कानातून येणारे रक्त बोटाने दाबून थांबवता येते. हृदयातल्या जाळीवर धरलेली गुठळी बोटाने काढता येत नाही. तिने थेट हृदयविकाराचा झटका येतो.

म्हणून नियम असा, की झटका येऊन औषधी थराचा स्टेंट बसवला असेल तर साधारण वर्षभर, आणि झटका न येता ठरवून बसवला असेल तर साधारण सहा महिने, निव्वळ रूपासाठीची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. कान, नाक, पापणी यातले काहीच वर्षभरात पळून जात नाही. त्यानंतरही कोणती गोळी चालू ठेवायची आणि कोणती किती दिवस थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवील. लहान शस्त्रक्रियांत अ‍ॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात.

गुडघेदुखीवर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही रक्तस्राव वाढतो. मेडिकल दुकानातून आपणहून आणलेल्या गोळ्या, काढे, भस्मे, सगळे डॉक्टरांना सांगावे.

हृदयातली नवी झडप

लहानपणी सांध्यांचा ताप येऊन हृदयाची झडप खराब झालेले अनेक रुग्ण आपल्या भागात आहेत. त्यांतल्या काहींना कृत्रिम झडप बसवलेली असते. आपल्या देशातही अशी झडप तयार होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवण्यात आली. धातूच्या झडपेच्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. रक्त किती पातळ आहे हे 'आय.एन.आर.' या तपासणीतून कळते. चेहऱ्याच्या कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ही तपासणी ताजी हवी. गोळी आपल्या मनाने बंद करणे इथेही तितकेच घातक, कारण झडप गुठळीने अडकू शकते किंवा गुठळी मेंदूकडे जाऊ शकते.

या रुग्णांना जंतूंचेही भय असते. किडलेले दात, हिरड्यांतला पू, चेहऱ्यावरचे गळू यांतून जंतू रक्तात शिरून झडपेवर ठाण मांडू शकतात. म्हणून आधी दात दुरुस्त करावेत, गळू बरे होऊ द्यावे, मगच रूपाचा विचार करावा.

पापणीच्या शस्त्रक्रियेबाबत एक गोष्ट वेगळी सांगतो. ती दिसायला किरकोळ असते. पण रक्त पातळ असलेल्या माणसात डोळ्याच्या मागे रक्त साचले तर दृष्टी जाऊ शकते. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा ठणकू लागला, फुगून पुढे आला किंवा दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट पाहू नये. तासातासाला महत्त्व असते.

गुडघा, कान, डोके आणि जबडा

बदललेल्या गुडघ्यामुळे किंवा खुब्यामुळे चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेला बंदी नाही. मात्र सांधा बदलल्यावर पहिले काही महिने थांबावे, आणि कॉटरीची पट्टी त्या सांध्यावर लावू नये, एवढे डॉक्टरांना कळायला हवे.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या काही मुलांच्या कानामागे, कवटीवर, ऐकण्याचे यंत्र बसवलेले असते. त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. असे मूल खेळताना पडून ओठ फाटला, हनुवटीला टाके घालायची वेळ आली, तर आई-बापांनी दारातच सांगावे, की याच्या डोक्यात यंत्र आहे. अशा रुग्णाच्या डोक्या-मानेवर साधी कॉटरी वापरायचीच नसते. चिमट्याची कॉटरीही यंत्रापासून अंतर राखून वापरतात.

मेंदूतले पाणी पोटात सोडण्यासाठी काहींना बारीक नळी बसवलेली असते. ती कानामागून, मानेच्या कातडीखालून खाली उतरते. चेहऱ्याची कातडी ओढून घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेत छेद नेमका कानाच्या पुढून-मागून घेतात. नळी कोणत्या बाजूला आहे हे शल्यविशारदाला माहीत नसेल तर तिला इजा होऊ शकते.

पुणे-सोलापूर रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून जबडा मोडलेली आणि त्यात धातूच्या पट्ट्या बसवलेली कितीतरी तरुण मुले आपल्याकडे आहेत. लग्न ठरवताना त्यांना चेहऱ्यावरचा व्रण खुपतो. व्रण सुधारण्याची शस्त्रक्रिया अवश्य करता येते. पण जुने एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे, आणि पट्टीवरच्या भागात कातडी तापवणारी यंत्रे लावून घेऊ नयेत.

राहता राहिले मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवलेले भिंग आणि बायकांची तांबी. दोन्हींना विजेचा त्रास नाही. तरी सांगावे. सांगितल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

कोणाकडे आणि कुठे

प्लास्टिक सर्जन म्हणजे शल्यचिकित्सेच्या पदवीनंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्या तोडीचे शिक्षण घेतलेला डॉक्टर. पाटीवर पदवी वाचावी. ती आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी विचारण्यात संकोच नको. पुण्याच्या ससून रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. बारामतीतही २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. निदान कुठे जायचे याचा सल्ला तरी जवळ मिळतो.

छातीत यंत्र असलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया अशाच जागी व्हावी, जिथे भूलतज्ज्ञ हजर आहे, नाडी आणि प्राणवायू सतत दाखवणारे यंत्र बोटाला लावले जाते आणि बाहेरून शॉक देण्याचे यंत्र हाताशी आहे.

खर्चाचेही स्पष्ट बोलावे. निव्वळ रूपासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची दुरुस्ती मात्र बहुतेक विम्यांत धरली जाते. तेव्हा कागदावर कारण नीट लिहून घ्यावे.

आणि अंतराचा विचार करा. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर, इंदापूरहून आणखी लांब. चेहऱ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कातडीखाली रक्त साचण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असते. तेव्हा टाके पडले की संध्याकाळच्या एस.टी.ने गावी, असे करू नका. पुण्यात नातेवाइकांकडे का होईना, पण पहिली रात्र दवाखान्याजवळ काढा.

शेवटचे सांगणे मिश्रीचे. मिश्री, तंबाखू, बिडी यांनी कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरत नाही, कधी कातडी काळी पडून मरते. शस्त्रक्रियेच्या निदान महिनाभर आधी डबी बंद झाली पाहिजे. ती पुन्हा उघडली नाही तर हृदयही दुवा देईल.

आजींचे पुढे काय झाले

आजींना मी विचारले, यंत्राचे कार्ड कुठे आहे? पेसमेकर बसवल्यावर रुग्णाला एक कार्ड मिळते. त्यावर यंत्राचा प्रकार, नंबर आणि बसवल्याची तारीख असते. सून म्हणाली, ट्रंकेत, रेशनकार्डाबरोबर. यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली? चार वर्षांपूर्वी. "काय तरास न्हवता, मग कशाला जायचं?"

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी पेसमेकरची तपासणी गेल्या वर्षभरातली आणि शॉकच्या यंत्राची गेल्या सहा महिन्यांतली असावी लागते. मी चिठ्ठी लिहून आजींना पुण्याला त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. या वेळी मुलाला बोलावून घेतले आणि त्यालाच बरोबर दिले. आठवड्याने तो परत आला तो चेहरा उतरवून. यंत्राची बॅटरी संपत आली होती. बदलण्याची वेळ झाल्याची खूण यंत्राने दिलेली होती. आणि आजींचे हृदय जवळजवळ पूर्णपणे त्या यंत्राच्या ठोक्यावर चालत होते.

"कान शिवायचं निघालं नसतं, तर कळलंच नसतं," मुलगा म्हणाला. या वयात कान शिवून काय करणार, हा प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही.

मार्गशीर्षात यंत्र बदलले. जखम पूर्ण भरल्यावर, पौषाच्या अखेरीस, प्लास्टिक सर्जनने दोन्ही कान शिवले. जागेवर भूल देऊन, अर्ध्या-पाऊण तासात. नाडीवर सारे लक्ष होते. विजेची गरजच पडली नाही. पाळीतले रक्त दाबून धरल्यावर थांबते. टाके आठ-दहा दिवसांनी निघाले. तीन महिने कान मोकळे ठेवले आणि मग जुन्या व्रणाची रेघ सोडून, थोडे बाजूला, नवे भोक पाडले. पापणीचे मात्र आजींनीच पुढे ढकलले. "दिसतंय की तेवढं. लगीन होऊ द्या आधी."

वैशाखात आजी आईच्या कुड्या घालून मांडवात बसल्या. दिवसभर घालू नका, जड आहेत, असे बजावून ठेवले होते. अक्षता पडल्यावर त्यांनी त्या उतरवल्या आणि डब्यात ठेवल्या, असे सुनेने नंतर सांगितले. यंत्राचे कार्ड आता ट्रंकेत नसते. त्याला प्लास्टिक चढवून ते आजींच्या कमरेच्या पिशवीत असते, पानाच्या जागी.

शस्त्रक्रियेआधी हे करा

१. शरीरात जे जे बसवले आहे, ते एका कागदावर लिहा. काय, कुठे, कोणत्या वर्षी.

२. यंत्राचे कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या. कार्डाची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाजवळ ठेवा.

३. हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी आणा आणि तिच्यात यंत्राच्या तपासणीची तारीख लिहून घ्या.

४. विचारा: कॉटरी वापरणार का? कोणत्या प्रकारची? यंत्राची मांडणी बदलणार का, आणि ती पुन्हा पूर्ववत कोण करणार?

५. विचारा: कोणती गोळी थांबवायची, किती दिवस, आणि पुन्हा कधी सुरू करायची? उत्तर लिहून घ्या. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

६. घरी आल्यावर चक्कर, छातीत दुखणे, धाप, चेहऱ्यावर अचानक वाढणारी सूज किंवा दिसणे कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा.

आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगा. कान दाखवायला गेलात, तरी छातीचे सांगा.